शेगावहून अमेरिका उत्तरेला आहे

पृथ्वीचा गोल घ्या, भिंतीवरचा सपाट नकाशा नको. दोऱ्याचं एक टोक शेगाववर दाबून धरा, दुसरं अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरावर, आणि दोरा ताणा. अमेरिका म्हणजे पश्चिम असं आपण लहानपणापासून धरून चालतो, पण दोरा अरबी समुद्राकडे वळतच नाही. तो नाकासमोर उत्तरेला निघतो. दिल्लीजवळून जातो, सियाचिनची हिमनदी ओलांडतो, कझाकस्तानातल्या अल्माटीच्या शेजारून सायबेरियात शिरतो आणि आर्क्टिक महासागरावर येतो. उत्तर ध्रुव जेमतेम दीडशे किलोमीटर बाजूला ठेवून तो पलीकडे उतरायला लागतो आणि कॅनडातल्या रिजायनाच्या आसपास होऊन डेन्व्हरला टेकतो.

हा योगायोग रेखांशाचा. शेगाव साधारण ७६ अंश ४१ कला पूर्व रेखांशावर आहे. त्याच्या बरोबर पाठीमागचं रेखावृत्त १०३ अंश १९ कला पश्चिम, म्हणजे टेक्सास आणि न्यू मेक्सिको या राज्यांच्या सीमेच्या अगदी लगत. डेन्व्हर १०५ अंशांवर. घड्याळही हेच सांगतं. हिवाळ्यात शेगाव डेन्व्हरच्या साडेबारा तास पुढे असतं, उन्हाळ्यात साडेअकरा. इथे संध्याकाळची आरती चालू असते तेव्हा तिथे पोरं शाळेत निघालेली असतात.

शेगावात १९८३पासून श्री संत गजानन महाराजांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्यातून आणि आसपासच्या खामगाव, अकोला, अमरावतीच्या कॉलेजांतून बाहेर पडलेली पोरं पुण्याला गेली, तिथून अमेरिकेला. मग आई-बाबांच्या फेऱ्या सुरू होतात: बाळंतपणाला सहा महिने, मुंजीला परत इकडे, महाराजांच्या प्रकटदिनाला मुलगा-सून येणार. अशा घरांत दर वर्षी एकच वाद रंगतो, कुठल्या कंपनीचं तिकीट काढायचं. एक जण दुबई म्हणतो, दुसरा फ्रँकफर्ट, तिसऱ्याला कुणीतरी हाँगकाँग स्वस्त पडतं म्हणून सांगितलेलं असतं. पूर्वेचं आणि पश्चिमेचं तिकीट एकाच प्रवासासाठी शेजारी शेजारी ठेवता येतं, हीच मला या सगळ्यातली सगळ्यात नवलाची गोष्ट वाटते. आपण ध्रुवाच्या अशा बाजूला बसलो आहोत की पलीकडे जायला डावीकडून काय आणि उजवीकडून काय!

अर्थात अमेरिकेत कुठे जायचं यावर ते ठरतं. मुंबई ते सान फ्रान्सिस्को सरळ अंतर साधारण साडेतेरा हजार किलोमीटर. दुबईत विमान बदललं तर ते १५ हजारांच्या आसपास जातं आणि हाँगकाँगला बदललं तर साडेपंधरा हजारांच्या. इतक्या लांबच्या प्रवासात हा फरक किरकोळच. न्यूयॉर्कचं गणित मात्र वेगळं. दुबईमार्गे ते १३ हजारांच्या आत बसतं, हाँगकाँगमार्गे १७ हजारांच्या वर जातं. म्हणून न्यू जर्सीतल्या लेकीकडे निघालेल्यांनी आखाताकडे किंवा युरोपाकडे तोंड करावं. कॅलिफोर्निया आणि सिॲटलवाल्यांना दोन्ही दारं उघडी. टेक्सास, कोलोरॅडोवाले मधले. त्यांनी थांब्याचे तास मोजावेत, दिशा नव्हे.

मग कुणी तो सरळ दोराच का पकडत नाही? पहिली अडचण सियाचिनपासूनच सुरू होते. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर विमानाला लगेच दहा हजार फुटांच्या आसपास खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावर लोंबकळणारे ऑक्सिजनचे मुखवटे थोड्याच मिनिटांपुरते असतात. काराकोरममध्ये वीस-पंचवीस हजार फुटांचे सुळके आहेत. तिथे दहा हजार फुटांवर उतरायचं म्हटलं तर खाली डोंगरच. त्यामुळे या पट्ट्यावरून जाणाऱ्या विमानाला जादा ऑक्सिजन आणि आधीच आखून ठेवलेली सुटकेची वाट, दोन्ही लागतात.

दुसरी अडचण इंजिनांची. दोन इंजिनांच्या विमानातलं एक बंद पडलं तर दुसऱ्यावर किती वेळ उडायची परवानगी आहे, यावर मार्ग ठरतो. १९५३मध्ये अमेरिकेने ही मर्यादा ६० मिनिटांची ठेवली होती. म्हणजे विमानतळ सतत तासाभराच्या अंतरात हवा, समुद्र आणि ध्रुव दोन्ही बाद. १९८५ला ती १२० मिनिटांवर गेली, पुढे १८०, आणि आता काही विमानांना ३३० मिनिटांपर्यंत मुभा आहे. ही एक संख्या वाढत गेली म्हणून चार इंजिनांची जंबो विमानं मागे पडली आणि दोन इंजिनांची बोईंग ७७७, ७८७, एअरबस ए३५० समुद्र ओलांडू लागली.

पण परवानगी असली तरी उतरायचं कुठे, हा प्रश्न उरतोच. ६ जून २०२३ला दिल्लीहून सान फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं बोईंग ७७७ इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगदान इथे उतरलं. विमानात २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी. छोटं गाव, भाषा कळेना, हॉटेलात एवढी जागा नाही, त्यामुळे काही जणांची सोय शाळेच्या इमारतीत आणि वसतिगृहात झाली. मुंबईहून दुसरं विमान पाठवून त्यांना पुढे नेण्यात आलं, सान फ्रान्सिस्कोला पोचेपर्यंत ८ जून उजाडला. नकाशात कुणाच्या नजरेस न पडणारं मगदान अशा वेळी तिकिटाचा भाग होऊन बसतं.

थंडीची तर गंमतच आहे. ध्रुवाकडच्या हवेत बाहेरचं तापमान उणे ६०-७० अंशांपर्यंत उतरू शकतं. अमेरिकेत भरलं जाणारं विमानाचं इंधन उणे ४० अंशांना गोठायला लागतं, बाकी जगात मिळणारं उणे ४७ला. टाकीतलं इंधन फारच गार होऊ लागलं की वैमानिक खाली, जरा उबदार हवेत उतरतात किंवा वेग वाढवतात, कारण वेगाने हवा पंखांवर दाबली जाते आणि तापते. एवढं सगळं सांभाळूनही लोक ध्रुवाजवळून उडतात. जानेवारी २०२१मध्ये एअर इंडियाचं सान फ्रान्सिस्को-बंगळूर विमान कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली उत्तर ध्रुवावरून आलं. कॉकपिटमध्ये सगळ्या स्त्रिया होत्या आणि त्यांत आकांक्षा सोनवरे हेही एक नाव होतं.

तिसरी अडचण माणसाने केलेली. आकाश कुणाच्या तरी मालकीचं असतं आणि मालक रुसतो. २०२२च्या फेब्रुवारीत युक्रेन युद्ध पेटल्यावर अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. युनायटेडने नेवार्क-मुंबई आणि सान फ्रान्सिस्को-दिल्ली या सेवा थांबवल्या. एअर इंडियाला आणि आखाती कंपन्यांना तीच वाट मोकळी राहिली, त्यामुळे काही काळ भारतीय कंपनीचं विमान अमेरिकी कंपनीपेक्षा जवळच्या रस्त्याने जात होतं. मग एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं आणि पारडं फिरलं. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं. १ सप्टेंबर २०२५पासून एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली, त्याच्या कारणांत हे बंद आकाशही होतं. तिकिटावर नॉनस्टॉप असं छापलेलं असतं ते अशा रुसव्या-फुगव्यांच्या भरवशावर. वारंवार जाणाऱ्याने दर खेपेला नव्याने चौकशी करावी, गेल्या वर्षीचा अनुभव पुरत नाही.

आता वारा. जपानमध्ये १९२०च्या दशकात वासाबुरो ओइशी नावाचा हवामानशास्त्रज्ञ फुगे सोडून वरच्या हवेची मापं घेत होता. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर हिवाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेला जाणारा प्रचंड वेगवान वारा आहे हे त्याच्या लक्षात आलं. जगाला कळावं म्हणून त्याने १९२६मध्ये अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला आणि जगाने तो वाचलाच नाही. १९४४मध्ये जपानवर बॉम्ब टाकायला गेलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना तोच वारा आडवा आला तेव्हा सगळे चक्रावले. आज आपण त्याला जेट स्ट्रीम म्हणतो. ताशी दोनशे किलोमीटरचा वारा तिथे विशेष मानत नाहीत.

म्हणून पूर्वेला जाताना वारा पाठीशी, पश्चिमेला जाताना तोंडावर. याचा सगळ्यात सुंदर उपयोग ऑक्टोबर २०१६मध्ये झाला. दिल्ली-सान फ्रान्सिस्को ही एअर इंडियाची सेवा डिसेंबर २०१५ला सुरू झाली तेव्हा अटलांटिकवरून जात असे. मग कंपनीने ती उलटी फिरवून प्रशांत महासागरावरून नेली. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं आणि वेळ उलट कमी होऊन साडेचौदा तासांच्या आसपास आला. लांबची वाट लवकर संपली! परतीलाही वारा पाठीशी हवा असेल तर पूर्वेलाच जात राहायचं, अटलांटिकवरून घरी यायचं. अमेरिका आणि परत, एवढ्यात पृथ्वीप्रदक्षिणा पुरी.

याचा तिकिटाशी संबंध असा, की जाण्या-येण्याचे तास सारखे नसतात आणि ऋतूप्रमाणे बदलतात. हिवाळ्यात जेट स्ट्रीम जोरात असतो. जानेवारीत टोकियोमार्गे कॅलिफोर्नियाला जाणारा खुशीत उतरतो आणि परतताना एकेक तास मोजतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी हा दीड-दोन तासांचा फरक लहान नाही.

मुंबईहून परदेशी जाणारी विमानं मध्यरात्रीनंतरच का सुटतात, हे कोडं प्रत्येकाला पडलेलं असतं. पहाटे दोनला सहार विमानतळावर जत्रा भरलेली असते, ट्रॉल्यांवर बॅगा, बॅगांना लाल रिबिनी आणि नावाचे कागद. याचं उत्तर मुंबईत नाही, पलीकडच्या विमानतळावर आहे. युरोपातून अमेरिकेला जाणारी विमानं सकाळी दहा-अकराच्या सुमारास मोठ्या संख्येने सुटतात, कारण तशी सुटली तर ती अमेरिकेत दुपारी पोचतात आणि लोकांना त्याच दिवशी घर गाठता येतं. त्यांना गाठायचं तर आपण फ्रँकफर्टला किंवा लंडनला सकाळी सहा-सातला पोचायला हवं. तिथून नऊ-दहा तास मागे मोजा, घड्याळातला फरक धरा, मुंबईची पहाटच येते. मोठी कंपनी म्हणजे मुळात असं वेळापत्रक: शंभर शहरांची विमानं एकाच दोन तासांत आणायची, माणसं आणि बॅगा अदलाबदल करायच्या, पुढच्या दोन तासांत शंभर दिशांना सोडायची.

आखाती कंपन्यांनी या खेळात आपल्या भूगोलाचा पुरेपूर फायदा घेतला. एमिरेट्सचं पहिलं विमान २५ ऑक्टोबर १९८५ला कराचीला गेलं, आणि मुंबई-दिल्लीही तिच्या सुरुवातीच्याच गावांत होती. अबुधाबीची खासियत निराळी. जानेवारी २०१४पासून तिथे अमेरिकेचे इमिग्रेशन अधिकारी बसतात. पासपोर्ट, प्रश्न, बोटांचे ठसे, सगळं तिथेच उरकतं आणि अमेरिकेत माणूस देशांतर्गत प्रवाशासारखा बाहेर पडतो. आई-बाबा एकटे जात असतील तर मी हे पहिलं पाहीन. एरवी अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर बॅगा घेऊन कस्टममधून बाहेर काढायच्या, पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यायच्या, हे दमलेल्या माणसाला जड जातं. युरोपातल्या काही विमानतळांवर भारतीय पासपोर्टवाल्याला नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागत आला आहे. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की सहसा सूट मिळते. व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली मुलं इथेच अडकतात, म्हणून तिकिटाआधी तो नियम बघावा.

आणि कंपनीच्या नावापेक्षा विमानाचं नाव वाचा. ७८७ आणि ए३५० यांचा सांगाडा मुख्यतः कार्बन तंतूंचा आहे, त्यामुळे केबिनमधला दाब सहा हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढा राखता येतो, जुन्या ॲल्युमिनियमच्या विमानांत तो आठ हजार फुटांचा असतो. शिवाय हवा थोडी दमट ठेवता येते. पंधरा तासांनी उतरताना डोकं कमी जड वाटतं ते यामुळे. बोईंग ७७७मध्ये एका ओळीत दहा खुर्च्या बसवल्या असतील तर एकेक साधारण १७ इंचांची, ए३५०मध्ये नऊ असतील तर १८ची. एक इंच म्हणजे काय, हे मधल्या खुर्चीवर बसलेल्याला विचारावं.

मैलांचे पॉइंट हा वारंवार जाणाऱ्यांचा वेगळाच विषय. त्याबद्दल एवढंच, की कंपनीपेक्षा युती निवडावी. स्टार अलायन्स १४ मे १९९७ला पाच कंपन्यांनी सुरू केली आणि जुलै २०१४ला एअर इंडिया तिच्यात आली, त्यामुळे लुफ्तान्सा, युनायटेड, सिंगापूर, एअर इंडिया यांचे मैल एकाच खात्यात पडू शकतात. दर खेपेला हजार-दोन हजार वाचवायला कंपनी बदलणाऱ्यांच्या हाती शेवटी सहा खाती आणि प्रत्येकात थोडे थोडे निरुपयोगी मैल उरतात.

सामानाच्या बाबतीत मराठी घरांना दोन गोष्टी ठाऊक नसतात. पहिली सुक्या खोबऱ्याची. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत सुकं खोबरं १३६३ क्रमांकावर आहे, आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांच्या वर्गात. तेलकट खोबरं दाबून भरलं की हवेशी संयोग होऊन आतल्या आत तापतं. म्हणून कंपन्या वाट्या बॅगेतून काढून घेतात आणि आई बिचारी मोठ्या टर्मिनलमध्ये बॅग उघडून बसते. दुसरी खसखशीची. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये खसखस बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते. बॅग मुंबईहून थेट अमेरिकेपर्यंत लावलेली असेल ते वेगळं, पण दुबई पाहून पुढे जाऊ म्हणून दोन दिवस बाहेर पडणार असाल तर दिवाळीचे अनारसे या मार्गाने नेऊ नका. कंपनी निवडताना फराळाचाही विचार करावा लागतो, हे कुठल्या तिकीट एजंटने सांगितलेलं मी ऐकलेलं नाही.

सगळ्यात कच्चा दुवा मात्र पहिलाच. शेगाव ते मुंबई रेल्वेने साधारण साडेपाचशे किलोमीटर, बहुतेकांची भिस्त विदर्भ एक्सप्रेसवर. मुंबई-दुबई विमानाला उशीर झाला आणि पुढचं चुकलं, तर दोन्ही एकाच तिकिटावर असल्यास कंपनी पुढची सोय करते. गाडीला उशीर झाला तर कुणीच करत नाही. म्हणून पहाटे दोनच्या विमानासाठी आदल्या दिवशी सकाळी मुंबईत उतरणारी गाडी धरतात, ते शहाणपणाचंच. जून २०२५मध्ये नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्यापासून मेहकरकडून गाडीने जाणारेही वाढले आहेत. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यावर तर आणखी एक खबरदारी आली. देशातल्या विमानाने एका विमानतळावर उतरून परदेशी विमान दुसऱ्यावरून पकडायचं असेल, तर मध्ये टॅक्सी आणि मुंबईची वाहतूक येते. तिकिटावरचं विमानतळाचं नाव दोनदा वाचावं.

आता गुरुवार. शेगावच्या घरांत गुरुवारचा उपवास असतो. तुम्ही पूर्वेकडून गेलात आणि गुरुवारी संध्याकाळी पाचला टोकियो सोडलंत, तर आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून सान फ्रान्सिस्कोला उतरता तेव्हा तिथे त्याच गुरुवारची सकाळ असते. उपवास सोडायची वेळ जवळ आलेली आणि समोर अख्खा गुरुवार पुन्हा उभा. परतीला उलटं. बुधवारी रात्री अकराला सान फ्रान्सिस्कोहून निघालेलं विमान हाँगकाँगला शुक्रवारी पहाटे पोचतं. गुरुवार त्या आठवड्यात आला, पण खिडकीचे पडदे ओढलेल्या अंधारात, समुद्रावर कुठेतरी. आखातावरून येणाऱ्याला वाररेषा लागत नाही, त्याला आपला नेहमीसारखा एक गुरुवार मिळतो, जरा आखूड. तेव्हा उपवास कडक असेल आणि परतीला पूर्वेकडून यायचं असेल, तर बुधवार रात्रीचं तिकीट टाळा. शुक्रवारचं बहुधा त्याच भावात मिळेल.